मास्तरांच्या तोंडून

फादरांना वरच्या वस्तीची बोली कधीच आली नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं आणि गाव त्यावर मनसोक्त हसून मोकळं झालं होतं. दूर देशातून हा उंच, वाकलेला, मोठ्या कानांचा माणूस तरुणपणी इथे आला तेव्हा खालच्या गावाची भाषा त्यानं वर्षभरात अशी उचलली, की बाजारात घासाघीस करावी तर त्यानंच. पण डोंगरावरची बोली म्हणजे निराळंच प्रकरण. तिथली माणसं अर्धा शब्द घशात ठेवतात आणि उरलेला अर्धा ओठ न हलवता बाहेर सोडतात. फादरांनी एकदा हिंमत करून त्या बोलीत आख्खं प्रवचन दिलं. लोकांनी माना खाली घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटला आणि डोळे पुसले.

"काय म्हणतात आजोबा?" फादरांनी शेजारी उभ्या असलेल्या शाळामास्तरांना विचारलं.

"म्हणतात, तुमच्या बकऱ्या हरवल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. सापडतील म्हणाले."

"मी क्षमेबद्दल बोलत होतो हो!"

"ते मला कळलं," मास्तर म्हणाले, "पण मी शिकलेला आहे ना."

फादरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. तेव्हापासून मास्तर हेच त्यांचं तोंड झालं.

मास्तरांची आई डोंगरावरची आणि वडील खालच्या गावचे, त्यामुळे दोन्ही भाषा त्यांच्या घरच्याच. सकाळी ते चर्चच्या शाळेत गणित शिकवत, दुपारी मुलांना धर्माचे धडे देत आणि आठवड्यातून एकदा फादरांबरोबर डोंगर चढत. फादरांच्या पाठीवर औषधांची पेटी, मास्तरांच्या खांद्याला मिस्साच्या, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या, सामानाची पिशवी. फादर एक वाक्य बोलत, मास्तर एक वाक्य बोलत, ना कमी ना जास्त. मास्तरांची बायको गेली तेव्हा महिनाभर फादर स्वतःच्या हातानं स्वयंपाक करून बापलेकीसाठी डबा नेत होते. तो स्वयंपाक कुत्र्यानंही हुंगून सोडला असता, पण डबा रोज वेळेवर यायचा आणि मास्तर तो रोज रिकामा परत करायचे. फादरांना इथे ना भाऊ ना बहीण. सख्खं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि ते म्हणजे मास्तर.

आता कबुलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं. माणसानं चर्चमधल्या त्या लाकडी पेटीपाशी गुडघे टेकायचे, जाळीला तोंड लावून आपलं पाप सांगायचं आणि आत बसलेल्या फादरांनी देवाच्या नावानं क्षमा द्यायची. तिथे ऐकलेलं फादरांनी पोटात ठेवायचं. जीव गेला तरी, पोलीस आले तरी, बिशप आले तरी. त्यावर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. वरच्या वस्तीतल्या लोकांची पंचाईत ही, की त्यांचं पाप फादरांना कळणार कसं? चर्चच्या नियमात त्याचीही सोय आहे. दुभाषा चालतो, पण फादरांइतकीच त्याचीही जीभ बांधलेली. मास्तरांनी वेदीवर हात ठेवून तशी शपथ घेतली होती. कबुलीच्या वेळी ते पेटीशेजारी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणजे गुडघे टेकणाऱ्याचा चेहरा दिसू नये. हा निव्वळ उपचार होता, मास्तर आवाजावरून प्रत्येकाला ओळखत. पण उपचार पाळला की माणूस सांभाळून राहतो, असं फादरांचं मत होतं. फादरांची अशी बरीच मतं होती.

वरच्या वस्तीत एक म्हातारी सुईण होती. अर्ध्याअधिक गावाची नाळ तिनं कापलेली, म्हणून लहानथोर सगळे तिला आत्या म्हणत. मिस्साला ती कधी चुकली नाही, पण कबुलीला कधी आली नाही. फादर दर भेटीत विचारत आणि दर भेटीत तिचं उत्तर मास्तर हसत हसत सांगत, "म्हणते, माझी पापं माझ्यापाशी बरी. एकदा फिरायला बाहेर पडली तर परत यायची नाहीत."

"आत्या, इथे सांगितलेलं देवाजवळ जातं, माणसांत येत नाही," फादर म्हणत. "माझी मान कापली तरी येणार नाही."

आत्या त्यांच्या लांबलचक मानेकडे बघून हसायची.

मास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं ते गिरणीवाल्याच्या मुलाशी. मुलगी चर्चच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची, मुलगा बापाच्या पिठाच्या गिरणीत काम करायचा आणि तिला भेटायला येताना केसातलं पीठ झटकायला हमखास विसरायचा. गिरणीवाल्याचा जीव की प्राण होता तो पोर. फादरांना तर आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं झालं होतं. चर्चच्या रीतीप्रमाणे लग्नाची घोषणा तीन रविवार वेदीवरून करायची असते आणि तिच्या शेवटी म्हणायचं असतं, "या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल, तर त्यानं तो सांगावा. गप्प राहणं पाप आहे." फादरांनी ते वाक्य जन्मभर म्हटलं होतं, पण आजवर त्यावर कुणी खोकलंही नव्हतं.

दुसऱ्या घोषणेनंतरच्या शनिवारी आत्या डोंगर उतरून आली आणि पेटीपाशी गुडघे टेकून बसली.

फादरांना कोण आनंद झाला! इतक्या वर्षांची विनवणी फळाला आली होती. जाळीपलीकडून तिची घशातली बोली सुरू झाली आणि भिंतीकडे तोंड केलेले मास्तर सवयीनं, सपाट आवाजात सांगू लागले.

"म्हणते, फार वर्षांपूर्वी एका घरी बाळंतपणाला बोलावलं होतं. बाई बेशुद्ध होती. मूल मेलेलं निघालं. म्हणते, त्याच दिवशी, त्याच्या आधी, एका बिनलग्नाच्या मुलीला तिनं मोकळं केलं होतं. ती मुलगी मूल टाकून निघून गेली. ते मूल टोपलीत तिच्याकडेच होतं, जिवंत. म्हणते, तिनं मेलेलं मूल टोपलीत घातलं आणि जिवंत मूल बाईच्या कुशीत ठेवलं. बाईला ठाऊक नाही. नवऱ्याला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. म्हणते, ते घर..."

मास्तर थांबले. आत्या बोलतच होती. तिला वाटलं, मागचं सांगून होतंय.

"मास्तर?" फादर हळूच म्हणाले.

"ते घर गिरणीवाल्याचं," मास्तर म्हणाले.

फादरांनी इथे थांबायला हवं होतं. मास्तरांना बाहेर पाठवायला हवं होतं, काहीतरी करायला हवं होतं. पण काय करणार? बोलणं होऊन गेलं होतं आणि म्हातारी रडत होती. फादरांनी तिला समजावलं, की लग्नाला यानं काहीच अडत नाही. मुलाला आई मिळाली, आईला मूल मिळालं, देवाकडे तिचं काही बाकी नाही, आता हे इथेच राहील. मास्तरांनी ते तिच्या बोलीत सांगितलं. फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारले. आत्या उठली ती खांद्यावरचा भारा उतरवून ठेवल्यासारखी आणि दारातून बाहेर पडताना चक्क गाणं गुणगुणत गेली.

शनिवारच्या कबुलीनंतर फादर आणि मास्तर स्वयंपाकघरात चहा घेत. त्या दिवशी मास्तर म्हणाले, डोकं दुखतंय, आणि निघून गेले. फादरांच्या जिभेवर आलं होतं, 'मास्तर, मुलगा काल होता तसाच आज आहे हो.' पण पेटीतलं बोलणं पेटीबाहेर काढायचं नाही, ज्यानं ते आपल्याबरोबर ऐकलं त्याच्यापाशीसुद्धा नाही. फादर नियमाचे पक्के. त्यांनी एकट्यानं चहा घेतला आणि मास्तर शहाणे आहेत अशी स्वतःची समजूत घातली.

तिसरी घोषणा झाली. सोमवारी मास्तर गिरणीत गेले आणि लग्न मोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर दवाखान्याच्या खोलीत खोकल्याचं औषध मोठ्या बाटलीतून छोट्या बाटल्यांत भरत बसले होते. दारात गिरणीवाला येऊन उभा राहिला. गिरणी तशीच चालू ठेवून आला असावा, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा झाला होता.

"फादर, मास्तर म्हणतात, माझा मुलगा माझा नाही."

फादरांनी हातातल्या बाटलीला बूच लावलं.

"म्हणतात, सुईण बोलली ते त्यांनी स्टुलावरून नुसतं पोचवलं, ध्यानात काही ठेवलं नाही. नंतर तुम्हीच त्यांना बोलावून विश्वासात घेऊन सांगितलंत. मुलीच्या बापाला कळायला हवं म्हणून."

"मी सांगितलं?"

"असं मास्तर म्हणतात. मी त्यांना तोंडावर म्हटलं, फादर असलं काही करायचे नाहीत. तुम्ही लग्न मोडायला कारण शोधताय." गिरणीवाला पुढे आला. बोलताना त्याच्या ओठांवरच्या पिठाला भेगा पडत होत्या. "फादर, मला बाकी काही नको. तुम्ही फक्त म्हणा, खोटं आहे. मी जातो आणि बायकोला सांगतो, फादर म्हणाले खोटं आहे. विषय संपला."

सेमिनरीत, फादर होण्याचं शिक्षण घेताना, त्यांना हे शिकवलं होतं. कबुलीतलं कुणी विचारलं तर 'मला ठाऊक नाही' म्हणायचं आणि त्यात खोटं काही नाही, कारण जे ऐकलं ते देवानं ऐकलं, तू फक्त कान उसना दिलास. परीक्षेत हे उत्तर त्यांनी अचूक लिहिलं होतं. पण समोर हा माणूस असा उभा, मास्तरांनी आपला केसानं गळा कापलेला, तेही दोन मिनिटांपूर्वी कळलेलं, आणि जन्मभर खोटं न बोललेली जीभ. ते तीन शब्द काही केल्या बाहेर येईनात. शेवटी ते अगदी काळजीपूर्वक, नियमाला धरून म्हणाले, "कबुलीत ऐकलेल्या गोष्टींबद्दल मी काहीही बोलू शकत नाही."

गिरणीवाला रोग्यांच्या बाकावर हळूच बसला.

"म्हणजे कबुलीत ऐकलंय," तो म्हणाला.

फादरांना तेव्हा कळलं आपण काय केलं ते. गुपित राखायला म्हणून तोंड उघडलं आणि गुपितावर शिक्का मारून मोकळे झाले. कोणी साधा खोटारडा असता तर ते घर वाचवून गेला असता.

पुढचं काही वेगळं सांगायला नको, अशा गोष्टी कशा पसरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीवाल्यानं मुलाला घराबाहेर काढलं नाही. उलट, तो त्याच्या पाया पडला. पण मुलगा एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला आणि कुठे गेला ते कळलं नाही. मास्तरांच्या मुलीनं शाळा सोडली आणि बापाशी बोलणंही सोडलं. गिरणीवाल्याची बायको डोंगर चढून गेली आणि आत्याच्या दारापुढे उभी राहून असं काही ओरडली, की वस्तीतल्या बायकांनी आपापल्या पोरांना घरात ओढून घेतलं. त्यानंतर आत्याला बाळंतपणाला कुणी बोलावलं नाही. तिच्या हातून आणखी काय काय बदललं गेलं असेल, याचा हिशेब घरोघर सुरू झाला.

आणि आत्या सगळ्यांना एकच सांगत होती, की हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. मास्तरांना ती मोजतच नव्हती. मास्तर काय, ते तर नुसतं तोंड. गावही त्यांना मोजत नव्हतं.

फादर शाळा सुटल्यावर मास्तरांच्या वर्गात गेले. मास्तर फळा पुसत होते.

"का केलंत?" फादरांनी विचारलं. पेटीबाहेर हा विषय काढायचा नाही हा नियम त्या दिवशी त्यांनी मोडला, तेवढा एकच.

मास्तरांनी फळा पूर्ण पुसला, मग वळले. "माझी एकुलती एक मुलगी आहे, फादर. कुणाचं रक्त, कुणाचा वंश, काही पत्ता नाही, अशा घरात मी तिला डोळ्यांदेखत द्यायची? तुम्हाला मुलगी नाही, तुम्हाला नाही कळायचं."

"लग्न मोडायचं होतं तर दुसरं काही कारण सांगायचं."

"सांगितलं. दहा कारणं सांगितली. गिरणीवाला प्रत्येक कारण खोडून काढत होता, पाया पडत होता. शेवटी निघून गेलं तोंडातून."

"आणि माझं नाव? तेही निघूनच गेलं का?"

मास्तरांनी खडूनं पांढरी झालेली बोटं सदऱ्याला पुसली. त्यांचा आवाज शांत होता, शाळेतल्या मुलाला हातचा समजावून सांगावा तसा. "माझं नाव सांगितलं असतं, तर या गावात मला कुणी पाणी विचारलं नसतं. मला इथेच जगायचंय आणि इथेच मरायचंय, मुलीलासुद्धा. तुमचं काय, तुम्हाला बिशप दुसरीकडे पाठवतील. तिथे नवं चर्च, नवी माणसं. तुम्ही सहन कराल, फादर. तुम्हाला त्याची सवय असते."

फादरांना राग आला. लोक म्हणत फादरांना राग येत नाही, ते साफ खोटं आहे. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात त्यांना महिनाभराचे ते डबे आठवले आणि डबे आठवल्याची त्यांना लाजही वाटली. त्यांनी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. "तुम्ही शपथ घेतली होतीत," एवढंच म्हणाले.

"तुम्हीही मला त्या दिवशी स्टुलावरून उठवलं नाहीत," मास्तर म्हणाले.

फादर वर्गातून बाहेर पडले.

बिशपांनी बोलावून घेतलं. ते सज्जन गृहस्थ होते, त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही कबुलीतलं कुणाला सांगितलंत का?"

"नाही."

"मग बाहेर कसं गेलं?"

दुभाष्याकडे बोट दाखवायचं म्हणजे तिथे काय बोललं गेलं तेच कबूल करायचं. म्हातारीचं पाप पुन्हा एकदा टेबलावर मांडायचं, या वेळी स्वतःच्या हातांनी.

"दुसरं कोणी ऐकत होतं का?" बिशपांनी विचारलं.

फादरांनी भुवईसुद्धा हलू दिली नाही.

"लोक म्हणतात, गिरणीवाल्यापुढे तुम्ही कबूल केलंत."

"लोकांना जे वाटतं ते वाटतं, महाराज."

बिशपांचा विश्वास बसला असावा किंवा नसावा. पण विश्वासानं चर्च भरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. महिनाअखेर फादरांनी हे ठाणं सोडावं असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही अशी. आणि संन्याशानंच दोर वळून दिलेला.

तोवर दर शनिवारी फादर पेटीत जाऊन बसत. कुणी येत नसे. जाळीपलीकडे रिकामा गुडघ्याचा पाट दिसे आणि बाहेर आवारात लोकांचे आवाज ऐकू येत. लोक मास्तरांना भेटायला येत होते. ज्या बापानं मुलीसाठी एवढा वाईटपणा घेतला, त्याच्याविषयी गावाला माया दाटून आली होती. वरच्या वस्तीचे लोक तर मास्तरांशिवाय पान हलू देत नव्हते.

जायच्या आठवड्यात दवाखान्यातली सिस्टर सांगत आली, की आत्याच्या छातीत पाणी झालंय, दोन दिवस काढले तर नशीब.

मग फादरांना एकच गोष्ट हवी झाली. गाव गेलं, नाव गेलं, त्यावर त्यांनी पाणी सोडलं होतं. पण ज्या म्हातारीला आपण वर्षानुवर्षं गळ घालून त्या पेटीपाशी आणलं, ती आपल्याला विश्वासघातकी समजून मरावी, हे त्यांना सहन होईना. निदान मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल तिनं आपल्या हातून लावून घ्यावं. एवढं झालं, तर बाकीचं सगळं ते पाठीवर टाकून निघून जायला तयार होते.

त्यासाठीही मास्तर लागणारच होते. फादर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. मास्तरांनी काही न विचारता चपला घातल्या.

भर दुपारी दोघांनी डोंगर चढला. अर्ध्या वाटेवर फादरांना धाप लागली तेव्हा मास्तरांनी सवयीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि फादरांनी सवयीनं दिली. वस्तीजवळ आल्यावर मास्तर थांबले.

"फादर, आधी मी आत जातो. तुम्हाला बघून ती चवताळेल. मी तिला खरं सांगतो."

"काय खरं?"

"की मी बोललो, तुम्ही नाही. ती मरतेय, फादर. मलाही कुठे ना कुठे हे उतरवून ठेवायला हवं." मास्तरांचे डोळे भरून आले होते. ते रडणं खरं होतं, फादर त्यांना ओळखत होते.

फादर बाहेर दगडावर बसून राहिले. हातात तेलाची छोटी बाटली, तिचं झाकण अंगठ्यानं गच्च दाबून धरलेलं. आतून मास्तरांचा आवाज येत होता, मग आत्याचा, अगदी बारीक. मग दोघांचं रडणं. फादरांना एक अक्षर कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात या बोलीसाठी त्यांनी हात टेकले त्याचा पश्चात्ताप त्यांना कधी इतका झाला नव्हता. तरी ते रडणं ऐकून त्यांच्या मनाला उभारी आली. कोणी रडत रडत क्षमा मागतंय, कोणी रडत रडत देतंय, दुसरं काय असणार?

मास्तर बाहेर आले. चेहरा पुसत म्हणाले, "सांगितलं, फादर. सगळं सांगितलं. बोलावतेय तुम्हाला."

फादरांनी मास्तरांचा खांदा धरला, त्याच माणसाचा, आणि त्या क्षणी त्याला मनापासून माफ करून टाकलं. मग मान वाकवून आत गेले.

आत्या भिंतीला टेकून बसवली होती. एवढीशी झाली होती. फादर तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि हसले. आत्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

त्या बोलीतले मोजकेच शब्द फादरांना येत होते, पण हा येत होता. वाटेवर चालताना तो कुठल्याही घरातून ऐकू यायचा. हडकुळं कुत्रं उंबऱ्यात तोंड घालू लागलं की बायका त्याला हाकलताना म्हणतात तो शब्द.

"म्हणते, या फादर, बसा," मागून मास्तर म्हणाले. नेहमीच्या सपाट आवाजात, क्षणाचाही विचार न करता.

फादरांनी मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नजर चुकवली नाही. ते वाट बघत उभे होते, पुढचं वाक्य सांगा म्हणून. आत काय बोलणं झालं ते फादरांना आता विचारायची गरज नव्हती. खरं ऐकलेली म्हातारी हा शब्द म्हणाली नसती. कोण रडलं, कशासाठी रडलं, देव जाणे. पहिल्या वेळी मास्तरांनी मुलीसाठी केलं, त्याला निदान काही कारण होतं. या वेळी कारणही नव्हतं. मरणाऱ्या बाईच्या नजरेतून उतरणं मास्तरांना जमलं नाही, एवढंच.

बोलायला हवं होतं. 'मी नाही, यानं' एवढे तीन शब्द पुरले असते. पण त्या तीन शब्दांना लागणारी जीभ फादरांकडे नव्हती. तिला खरं सांगायचं तर तेही मास्तरांच्याच तोंडून सांगावं लागणार होतं.

नको म्हणणाऱ्याला तेल लावता येत नाही. फादरांनी बाटली खिशात घातली. उठताना त्यांना जमिनीला हात टेकावा लागला.

"तिला सांगा, मी जातो," ते म्हणाले.

"एवढंच, फादर?"

"एवढंच."

मास्तर आत्याजवळ गुडघे टेकून बसले आणि तिचा हात हातात घेऊन तिच्या बोलीत सांगू लागले. ते बराच वेळ बोलत राहिले. फादर दारात उभे होते. मास्तरांचं बोलून झाल्यावर आत्यानं कसाबसा हात उचलला आणि त्यांच्या गालावरून मायेनं फिरवला.